सातबारा, आठ-अ आणि कॉड

अचलपूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला डेटाबेसची ओळख तलाठ्याच्या दप्तरातच होते. नमुना सातमध्ये जमीन आणि भोगवटादार, बारामध्ये पिकं, आठ-अ मध्ये खातेदाराची गावातली सगळी जमीन. गट क्रमांक आणि खाते क्रमांक या नोंदी एकमेकींशी जोडतात.

संगणकाला ही सोय उशिरा मिळाली. १९६० च्या दशकात चार्ल्स बॅकमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये माहिती साठवण्यासाठी जाळ्याची रचना बांधली, तर आयबीएमने अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांसाठी उतरंडीची. दोन्हींत माहितीपर्यंतची वाट प्रोग्रामरलाच दाखवावी लागे.

१९७० मध्ये आयबीएमच्याच एडगर कॉड यांनी तक्ते सुचवले: नोंदी समान मूल्यांनी जोडा, वाट यंत्र शोधेल.

आता महाभूलेख या जमिनीच्या नोंदींच्या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की सातबारा समोर येतो.