बाबागाडीची निवड

बाबागाडी हे चालता न येणाऱ्या लहान मुलाला निजवून किंवा बसवून ढकलत नेण्याचे चाकांचे वाहन आहे. या शब्दातील ‘बाबा’ म्हणजे वडील नव्हेत. इंग्रजी अमदानीत साहेबांच्या घरी आया व नोकर त्यांच्या मुलांना ‘बाबा’ म्हणत. तो अर्थ येथे आहे. मूल ज्याच्या आधाराने चालायला शिकते तो लाकडी पांगुळगाडा ही निराळी वस्तू होय.

इंग्रजीत निजण्याच्या गाडीला ‘प्रॅम’ आणि बसण्याच्या गाडीला ‘पुशचेअर’ किंवा ‘स्ट्रोलर’ म्हणतात. मराठीत दोन्हींना बाबागाडीच म्हटले जाते. रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही. परंतु नवजात बाळासाठी खरेदी करताना हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो, कारण बसण्याची गाडी नवजात बाळासाठी सुरक्षित नसते.

== निजण्याची गाडी आणि बसण्याची गाडी ==

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि ते पेलण्याचे बळ मानेत नसते. बाळ साधारणतः तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरते व सहाव्या महिन्याच्या आसपास आधाराने बसू लागते. त्याआधी त्याला उभट बैठकीत ठेवल्यास डोके पुढे कलते आणि हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनलिका अरुंद व मऊ असल्याने अशा स्थितीत ती दबू शकते. हा धोका विशेषेकरून झोपेत संभवतो, कारण गुदमरणारे बाळ दर वेळी रडतेच असे नाही. बाळ शांत निजले आहे, असे समजून मोठी माणसे निर्धास्त राहतात. अपुऱ्या दिवसांच्या वा कमी वजनाच्या बाळांना हा धोका अधिक असतो.

म्हणून पहिले सहा महिने बाळ पाठीवर, सपाट निजेल अशीच गाडी योग्य मानली जाते. यासाठी दोन सोयी आढळतात. पहिली म्हणजे कडक, सपाट तळाची व उभ्या कडांची टोपली (कॅरिकॉट), जी सांगाड्यावर बसवता येते. दुसरी म्हणजे पाठ पूर्ण आडवी होणारी बैठक. ‘जन्मापासून उपयुक्त’ असा मजकूर पुष्कळ गाड्यांवर छापलेला असतो. त्यावर विसंबण्याऐवजी दुकानातच पाठ आडवी करून पाहणे श्रेयस्कर. युरोपातील ‘ईएन १८८८’ या मानकानुसार, ज्या बैठकीत पाठ व आसन यांतील कोन १५० अंशांहून कमी राहतो, तिच्यावर ती सहा महिन्यांखालील मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना द्यावी लागते. अमेरिकेत याच विषयाचे मानक ‘एएसटीएम एफ ८३३’ हे आहे.

मोटारीतील बाळाची खुर्ची उचलून थेट सांगाड्यावर बसवण्याची सोय अलीकडे लोकप्रिय झाली आहे. झोपलेले बाळ न उठवता मोटारीतून बाहेर काढता येते, हा तिचा लाभ. मात्र ती खुर्ची अपघातापासून संरक्षणासाठी बनवलेली असते. अंथरूण म्हणून नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था मोटारीतील खुर्ची, बसती गाडी, झोका इत्यादी बसत्या साधनांत बाळाला नित्य झोपवू नये, असे सांगते. प्रवास संपला की बाळाला सपाट जागी निजवावे. जी गाडीची टोपली मोटारीसाठी प्रमाणित नाही, ती मोटारीत बाळाची खुर्ची म्हणून वापरू नये.

== इतिहास ==

मुलांसाठी खास बनवलेल्या गाड्यांपैकी एक जुनी ज्ञात गाडी विल्यम केंट या इंग्रज रचनाकाराने १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकच्या मुलांसाठी तयार केली. शिंपल्याच्या आकाराची ही गाडी बोकड किंवा लहान तट्टू जुंपून ओढावयाची होती. पुढे बराच काळ अशा गाड्या ओढल्याच जात, त्यामुळे मूल ओढणाऱ्याच्या पाठीमागे, नजरेआड राही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मागून ढकलण्याची गाडी इंग्लंडमध्ये रुळली, तेव्हा मूल प्रथमच सतत डोळ्यांसमोर आले. १८७७ मध्ये विल्यम विल्सन यांनी लीड्स परिसरात ‘सिल्व्हर क्रॉस’ हा कारखाना काढला. त्याच्या मोठ्या चाकांच्या, कमानी स्प्रिंगांच्या गाड्या श्रीमंत घराण्यांची खूण बनल्या. १८८९ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन यांनी टोपली उलट फिरवून बाळाचे तोंड ढकलणाऱ्याकडे करता येईल अशा रचनेचे पेटंट घेतले.

या साऱ्या गाड्या जड होत्या. १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान अभियंत्याने छत्रीप्रमाणे मिटणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीचे पेटंट घेतले. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या या माणसाने बाबागाडीचे वजन तीन किलोग्रॅमच्या आत आणले. बस, रेल्वे व जिने यांसाठी ती वरदान ठरली. पण कापडी झोळीसारखी तिची बैठक बसू शकणाऱ्या मुलासाठी होती. आजही ‘छत्री गाडी’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त, हलक्या गाड्यांची हीच मर्यादा आहे.

== तोंड कोणीकडे? ==

बाळाचे तोंड ढकलणाऱ्याकडे असावे की रस्त्याकडे, याविषयी मतभेद आहेत. २००८ मध्ये डंडी विद्यापीठातील सुझन झीडिक यांच्या अभ्यासात, समोरासमोर असलेल्या बाळांशी पालक सुमारे दुप्पट बोलतात, असे आढळले. नवजात बाळाच्या बाबतीत मात्र वादाला फारशी जागा नाही. तोंड आपल्याकडे असले तर दूध उलटले, मान कलली किंवा चेहऱ्यावर दुपटे आले, तर ते तत्क्षणी दिसते.

== ब्रेक, पट्टे आणि घडी ==

सर्गेई आयझेनस्टाइन यांच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ (१९२५) या चित्रपटातील ओडेसाच्या पायऱ्यांवरून सुटलेली बाबागाडी प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात गाडी सुटायला एवढी उतरंड लागत नाही. रेल्वेचा फलाट किंवा इमारतीसमोरचा किंचित उतारही पुरतो. ब्रेक पायाने सहज लागावा, एका दाबात दोन्ही मागची चाके अडकावीत आणि तो लागला आहे हे रंगखुणेवरून कळावे. मुठीला अडकवण्याचा मनगटपट्टाही उपयोगी असतो. मुठीला भाजीच्या पिशव्या अडकवल्याने गाडी मागे उलटते. सामान तळाच्या जाळीतच ठेवावे.

बसत्या गाडीत दोन खांदे, दोन बाजू व पायांमधून येणारा असा पाच टोकांचा पट्टा असावा. घडी होणाऱ्या सांध्यांना आवरण हवे. २००९ मध्ये अमेरिकेत सांध्यात बोटांची टोके तुटल्याच्या घटनांनंतर मॅक्लारेन कंपनीने सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांधे झाकणारी आवरणे देऊ केली होती. घडी घालताना वा उघडताना मूल हातभर दूर असावे.

== ऊन, धूर आणि पाऊस ==

ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे टाकण्याची सवय सर्वत्र आहे. कोरड्या कापडाने तोंड बंद केल्यास आत हवा खेळत नाही आणि उष्णता साठते. त्याऐवजी खोल छत व जाळीच्या खिडक्या असलेली गाडी घ्यावी. पावसाळी प्लॅस्टिक आच्छादनास हवेची छिद्रे असावीत व पाऊस थांबताच ते काढावे.

बैठकीची उंचीही पाहावी. वाहनांचा धूर जमिनीपासून सुमारे एक मीटरच्या आत सुटतो आणि गाडीतील बाळाचे नाकही त्याच पट्ट्यात असते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या प्रशांत कुमार यांच्या चमूने २०१८ मध्ये केलेल्या आढाव्यानुसार, गाडीतील मुलांच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा येऊ शकते. रहदारीच्या रस्त्यावर उंच बैठकीची गाडी म्हणूनच बरी.

== महाराष्ट्रातील वापर ==

महाराष्ट्रात तान्हे बाळ पाळण्यात, मांडीवर व खांद्यावर वाढते आणि पुढे कडेवर फिरते. पुष्कळ घरांत बाळ जन्मण्यापूर्वी त्याची खरेदी करत नाहीत. गाडी बहुधा बाळंतविड्यासोबत किंवा बारशाला भेट म्हणून येते. निवड आईवडिलांऐवजी आप्तेष्टांनी केलेली असते व त्यांची नजर प्रायः रंगावर आणि खेळण्यांवर असते. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नसल्याने ‘आता बाळ मोठे झाले’ असे समजून बसती गाडी काढली जाते. परंतु तेव्हाही बाळाने मान धरलेली नसते.

दुसरी अडचण रस्त्याची आहे. तुटके पदपथ, उंच कडा, उभी केलेली वाहने आणि उद्‌वाहन नसलेल्या इमारती यांमुळे येथे बाबागाडी बागेत, समुद्रकिनाऱ्यालगतच्या पदपथावर, सोसायटीच्या आवारात किंवा मॉलमध्येच चालते. लहान कडक चाके खडबडीत रस्त्यावर अडतात व बाळाला हादरे बसतात; मोठी, हवा भरलेली चाके व स्प्रिंगा असल्यास गाडी जड होते. तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाणाऱ्या कुटुंबास उत्तम जड गाडीपेक्षा काही महिने कापडी झोळणे (बेबी कॅरिअर) सोयीचे पडते. त्यातही बाळाचा चेहरा उघडा व हनुवटी छातीपासून वर राहील हे पाहावे लागतेच. खरेदीपूर्वी उद्‌वाहनाचे दार, घराचा उंबरठा व मोटारीची डिकी यांची मापे घ्यावीत. सरकत्या जिन्यावर गाडी नेऊ नये.

वापरलेली गाडी नात्यात फिरवण्याची रीत काटकसरीची आहे. ती घेताना ब्रेक भरल्या वजनाने उतारावर तपासावा, घडीची खिट्टी घट्ट बसते का ते पाहावे, पट्ट्यांच्या शिवणी ओढून पाहाव्यात आणि टोपलीतील गादी मूळचीच आहे याची खात्री करावी. बाहेरची जाड, मऊ गादी कडेशी फट ठेवते आणि त्या फटीत बाळाचे तोंड अडकू शकते.