टेम्पोचं भाडं आणि रेषीय समीकरण

नववीच्या वर्गात मी एक साधा प्रश्न विचारतो. टेम्पोवाला १० किलोमीटरला ७०० रुपये घेतो, तर २० किलोमीटरला किती घेईल? पटापट हात वर येतात. १४०० रुपये! आता यात मुलांचा दोष नाही. त्रैराशिक आपणच त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही ते आहे आणि फार उपयोगी आहे. पण ते कुठे चालत नाही, हे सांगायचं मात्र राहून जातं.

मग मी दर सांगतो. गाडी दारात आली की ५०० रुपये, शिवाय किलोमीटरला २० रुपये. मुलं तक्ता करतात. १० किलोमीटरला ७००, २० ला ९००, ३० ला ११००. अंतर दुप्पट झालं, भाडं दुप्पट झालं नाही. मग सारखं काय राहिलं? वाढ! दर १० किलोमीटरला २०० रुपये. ही वाढ सगळीकडे सारखी आहे, म्हणूनच आलेखावर हे बिंदू एका सरळ रेषेत येतात.

किलोमीटरला क्ष म्हणा, भाड्याला य. समीकरण झालं, य = २०क्ष + ५००. यातले २० म्हणजे रेषेचा चढ. ५०० म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती जागा. तिथे शून्य असतं तर रेषा आरंभबिंदूतून गेली असती आणि त्रैराशिक बरोबर चाललं असतं.

आता दुसरा टेम्पोवाला म्हणतो, आधीचे पैसे नकोत, पण किलोमीटरला ३० रुपये. कांदा ३५ किलोमीटरवरच्या बाजार समितीत न्यायचाय. पहिल्याचे होतात १२००, दुसऱ्याचे १०५०. बाजार ७० किलोमीटरवर असेल तर? पहिल्याचे १९००, दुसऱ्याचे २१००. दोन्ही रेषा ५० किलोमीटरवर छेदतात, तिथे दोघांचेही १५०० रुपये. त्याच्या आत दुसरा परवडतो, पुढे पहिला.

शेवटी एक गंमत. तिसरा टेम्पोवाला दर सांगतच नाही. पण त्याच हिशोबाच्या त्याच्या दोन पावत्या मिळाल्या, १५ किलोमीटरचे ७५० आणि २५ चे १०००. दहा किलोमीटरला २५० वाढले, म्हणजे किलोमीटरला २५. पंधरा किलोमीटरचे ३७५ वजा केले की उरले ३७५. त्यानं न सांगितलेली रक्कम ती हीच. एवढं जमलं, की पोराला रेषीय समीकरण आलं म्हणायचं.