नौकेवर कुणीही लिंबूटिंबू नको

केरळच्या वेंबनाड सरोवरातील हाऊसबोटी दिवस मावळण्याच्या सुमारास, साधारणतः साडेपाचला, काठाला बांधल्या जातात. त्यानंतर त्या पाण्यात स्थानिक कोळ्यांची जाळी पसरतात, त्यामुळे सकाळपर्यंत नौकेने हलावयाचे नसते. दिवसा समुद्रसपाटीहून खाली असलेली कुट्टनाडची भातशेती, नारळीच्या रांगा, पाणकावळे आणि खंड्ये पाहण्यात वेळ निघून जातो. साडेपाचपासून झोपेपर्यंतचे चार-पाच तास मात्र मोकळे असतात, आणि सहलीच्या पत्रकात त्यांच्यासाठी एखादी ओळही नसते.

ज्येष्ठ स्नेह्यांच्या गटाची सहल रंगते किंवा बिनसते, ती बहुधा याच तासांत. चौघे पत्ते काढून बसतात. दोघे 'आम्हांला नाही जमत आता' म्हणून खोलीत जाऊन पडतात. एखाद्या गृहस्थांची स्मृती अलीकडे दगा देऊ लागलेली असते. ते बाहेरच्या खुर्चीवर बसून राहतात आणि त्यांच्या शेजारी, नाइलाजाने, त्यांची पत्नी. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, अशा काहींची अस्वस्थता नेमकी तिन्हीसांजेला वाढते, हे त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. त्यात जागा अनोळखी, भोवती काळोखे पाणी. अशा वेळी हाताला काही परिचित काम आणि कानांवर ओळखीचे आवाज असणे हा मोठा आधार ठरतो. म्हणून संध्याकाळच्या खेळांचा विचार औषधांच्या डबीइतक्याच काळजीने, घरून निघतानाच करावा.

आपल्या बालपणी खेळात एक लिंबूटिंबू असे. वयाने लहान, पण रडेल म्हणून खेळात घेतलेला. तो पकडला गेला तरी बाद होत नसे, आणि त्याने कुणाला पकडले तरी ते धरले जात नसे. पाच वर्षांच्या मुलाला त्यात आनंद होतो, कारण आपण लिंबूटिंबू आहोत हे त्याला ठाऊक नसते. पंचाहत्तरीच्या माणसाला मात्र ते पहिल्याच डावात कळते. 'असू द्या हो, त्यांची चूक धरू नका,' हे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असले तरी पुढच्या डावाला ते गृहस्थ उठून जातात. माझ्या मते यावर उपाय एकच आहे: माणसाला सवलत देण्याऐवजी खेळच असा निवडावा की सवलतीची गरज पडू नये.

पत्त्यांचेच पाहू. मेंढीकोट हा आपल्याकडचा लाडका डाव. चौघे, दोन जोड्या, प्रत्येकी तेरा पाने, आणि चारही दश्श्या पकडण्याची ईर्ष्या. त्यात कोणते पान पडून गेले, हुकूम कुणाकडे उरले, हे सारे ध्यानात ठेवावे लागते. ज्यांची स्मृती शाबूत आहे त्यांच्यासाठी तो उत्तमच. पण विसर पडणाऱ्या माणसाला तो पावलोपावली उघडा पाडतो, शिवाय भिडूचा राग ओढवून घेतो तो वेगळाच. बदाम सात घ्या. बदामाची सत्ती पडते, मग तिच्या दोन्ही बाजूंनी छक्की-अठ्ठी, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती. खेळलेले प्रत्येक पान टेबलावर उघडे असते, लक्षात ठेवावयाचे काही उरत नाही. आपल्या हातातले पान तेथे बसते की नाही एवढेच पाहावयाचे. तरीही कोणते पान अडवून धरावे यात चातुर्याला वाव आहे, त्यामुळे तल्लख गडीही कंटाळत नाहीत. आठजण बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात पानेच येतात. संधिवाताने बोटे आखडलेल्यांना तेरा पानांचा पंखा धरण्यापेक्षा हे पुष्कळ सोपे जाते.

ज्यांचा हात कापतो त्यांच्यासाठी कपडे घासण्याचा एक नवा ब्रश बरोबर न्यावा. तो उलटा ठेवून त्याच्या दातांत पत्ते खोचले की ते उभे राहतात, दोन्ही हात मोकळे होतात आणि पाने शेजाऱ्याला दिसतही नाहीत. पत्त्यांचा कॅट मोठ्या आकड्यांचा घ्यावा. आता तो सहज मिळतो. हाऊसबोटीच्या बैठकीतील दिवे पुष्कळदा मंद, पिवळसर असतात. वाढत्या वयात नेत्रपटलापर्यंत पोहोचणारा प्रकाश तरुणपणाच्या निम्म्याहूनही कमी होतो, हे ध्यानात घेऊन बॅटरीवर चालणारा टेबलदिवा सोबत असावा. त्याचा झोत टेबलावर पडावा, कुणाच्या डोळ्यांत नव्हे. सोंगट्या किंवा ल्युडो खेळणार असाल तर निळा आणि हिरवा रंग शेजारी-शेजारी देऊ नयेत. ज्यांचे मोतीबिंदू अद्याप काढलेले नाहीत, त्यांच्या पिवळसर झालेल्या भिंगातून हे दोन रंग सारखेच भासू लागतात. फासे किंवा कवड्या लाकडी फळ्यांवर घरंगळतात, फटींत जातात आणि मग कुणीतरी त्या शोधावयास वाकतो. त्यापेक्षा खोलगट ताटात टाकाव्यात.

कॅरमविषयी मी थोडा साशंक आहे. बोट बांधलेली असेल आणि पक्के उंच टेबल असेल तर जरूर खेळावा. पलंगावर किंवा मांडीवर बोर्ड घेऊन वाकून खेळल्यास मात्र दुसऱ्या दिवशी कंबर धरते, आणि सांडलेल्या पावडरीवरून पाय सटकतो.

श्रवणाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वयपरत्वे येणाऱ्या बहिरेपणात तीव्र स्वर आधी हरपतात. त्यामुळे बोलणे ऐकू तर येते, पण शब्द उमगत नाही. त्यात जनरेटरची घरघर आणि पंख्याचा आवाज यांची भर. अशा माणसाला हाऊजीत तिकीट देऊन बसवले की तो दर आकड्याला शेजाऱ्याला विचारत राहतो, आणि थोड्याच वेळात विचारणे सोडून देतो. त्यालाच आकडे पुकारावयास बसवावे! पुकारणाऱ्याला ऐकावे लागत नाही, आणि साऱ्या सभेचे लक्ष त्याच्याकडे असते. एकपासून नव्वदपर्यंतच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत घरीच करून न्याव्यात. प्रत्येक तिकिटावर पंधराच आकडे असल्याने खुणा करणाऱ्यांवरही ताण येत नाही.

पुकारताना आपल्या भाषेची एक अडचण सांभाळावी लागते. सदुसष्ट आणि सत्याहत्तर, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे मंद श्रवणाला सारखेच वाटतात. म्हणून आकडा सांगितल्यावर त्याची फोड करावी: 'सदुसष्ट, सहा-सात'. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाने संख्यावाचनाची 'वीस एक' ही पद्धत आणली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात आपण कोणत्याही बाजूस असलात, तरी हाऊजीपुरती ती पद्धत सोयीची आहे.

गाण्याच्या भेंड्यांना कसलेच साहित्य लागत नाही, आणि इंजिन बंद असल्याने नांगरलेली नौका त्यांना फार अनुकूल. जुनी गाणी स्मृतीच्या फार खोलवर रुजलेली असतात. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी व्यक्ती कधी कधी अख्खे कडवे म्हणून दाखवते. पक्षाघातानंतर वाक्य बोलता न येणाऱ्या काही रुग्णांनाही गाण्यातले शब्द मात्र उच्चारता येतात. 'ण' आल्यास 'न' आणि 'ळ' आल्यास 'ल' ही रूढ मुभा असतेच. तिच्यात आणखी एक भर घालावी, ती म्हणजे दहापर्यंत आकडे मोजून भेंडी चढवण्याची घाई नको. उतारवयात आठवण पुसली गेलेली नसली तरी ती वर येण्यास वेळ लागतो, आणि मोजणी सुरू झाली की आलेली ओळही ओठांवरून परत जाते. संघाने मिळून उत्तर द्यावे. 'सांगा बरं, हे कुणाचं गाणं?' अशी परीक्षा कुणाचीही, विशेषतः विस्मरण होणाऱ्याची, घेऊ नये.

येथे शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आपल्या माणसाची पाळी आली की उत्तर आपल्याच तोंडून निघून जाते, ते आवरावे. आणि गटातील इतरांनी असे करावे की रोज संध्याकाळी एक तास त्या पत्नीची किंवा पतीची जागा कुणीतरी घ्यावी, म्हणजे त्यांना दुसऱ्या टेबलावर खुशाल मेंढीकोट खेळता येईल. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्याला 'जरा विश्रांती घ्या' असे सगळेच सांगतात. त्यांचा भिडू होणारे थोडे.

अशा खेळांनी मेंदूचे रक्षण होते काय, हे वाचक नेहमी विचारतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या 469 व्यक्तींचा एक अमेरिकी अभ्यास 2003 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. परंतु खेळल्यामुळे आजार टळला की आजार नव्हता म्हणून ते खेळू शकत होते, याचा निर्णायक उलगडा अशा निरीक्षणातून होत नाही. तेव्हा औषध म्हणून कुणाला खेळावयास लावू नये.

आतापर्यंत सांगितले ते बांधलेल्या नौकेविषयी. खुल्या समुद्रावरील क्रूझची गोष्ट निराळी. भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या आगबोटींचा प्रवास ज्यांनी केला आहे, त्यांना डेकवर वळकट्या पसरून रंगलेले पत्त्यांचे डाव आठवतील, आणि बोट लागल्याने मध्येच उठून कठड्याकडे धावलेले गडीही. कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय 'आपण हलतो आहोत' असे सांगते, तर समोरच्या पत्त्यांवर खिळलेले डोळे 'सारे स्थिर आहे' असे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. म्हणून जहाज हलत असताना खाली पाहावे लागणारे खेळ बाजूस ठेवावेत, क्षितिजाकडे तोंड करून बसावे आणि भेंड्या किंवा तोंडी 'नाव-गाव-फळ-फूल' असे खेळ खेळावेत. जहाजाचा मध्यभाग आणि खालचे मजले कमी डोलतात. वयाबरोबर बोट लागण्याची प्रवृत्ती बहुधा कमी होते. पण त्यावरच्या गोळ्या मात्र वृद्धांना अधिक बाधतात. प्रोमेथाझिनसारख्या औषधांनी गुंगी येते, तोंड कोरडे पडते, गोंधळ उडतो, आणि प्रोस्टेटची वाढ असलेल्या पुरुषांची लघवी अडकू शकते. शेजाऱ्याने आपुलकीने दिलेली गोळी घेऊ नये. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रंगलेल्या डावात देहभान हरपते, म्हणून तासाभराने एकदा सर्वांनी उठावे, चार पावले चालावे, पाणी प्यावे. स्वच्छतागृहात जावे लागेल म्हणून पाणी टाळण्याची सवय प्रवासात घातक आहे. इन्सुलिन घेणाऱ्याचे जेवण डाव संपण्यावर अवलंबून ठेवू नये. दीर्घकाळ बसून एकदम उठल्यास, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास, डोळ्यांपुढे अंधारी येते. टेबलाला धरून क्षणभर उभे राहावे. खोलीपर्यंतची वाट आणि स्वच्छतागृहाचा उंबरठा उजेड असतानाच पाहून ठेवावा, आणि रात्रभर एक दिवा चालू ठेवण्यास बोटीवरील माणसांना सांगावे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद आणि उभा असेल तर खेळाचे टेबल खालीच मांडावे.

सकाळी उतरताना नौका आणि धक्का यांमधील फळीवर एकेकट्याने न जाता पुढे एक, मागे एक माणूस ठेवून जावे. मोठ्या जहाजाच्या प्रवासानंतर काहींना जमिनीवरही काही तास डोलल्यासारखे वाटते. ते आपोआप थांबते. तीन-चार दिवसांनंतरही राहिले तर डॉक्टरांना दाखवावे.