पुराची खूण आणि नदीकाठची वस्ती

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याचे काम पुरते झाले नव्हते. पाणी सोडण्याच्या विमोचकाची व्यवस्था अपुरी असतानाच तलाव भरत गेला होता. तो लोंढा मुठेवरील खडकवासल्याच्या तलावात शिरला व दुपारी तेथील जुने दगडी धरणही फुटले. पुण्यातील नारायण, शनिवार, कसबा आदी नदीलगतच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दोन्ही धरणे गेल्याने शहराचे नळ कोरडे पडले आणि वाड्यांतील जुन्या विहिरींचे मोल लोकांना नव्याने कळले. घरे गेलेल्यांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या.

धरण फुटले तरच पूर येतो, असे मात्र नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणारा आंबिल ओढा काही तासांत फुगला व माणसे दगावली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत ते शिरले. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर. या हिशेबाने तो विसर्ग सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर होतो. नुसता आकडा ऐकून कोणी गोठा सोडत नाही. अमुक विसर्गास पाणी कोणत्या पायरीपर्यंत येते, हे गावाला ठाऊक हवे.

यासाठी ग्रामसेवकाने पूर ओसरताच, भिंतीवरील गाळाची रेघ पुसली जाण्यापूर्वी, देवळाच्या अगर शाळेच्या भिंतीवर तेलरंगाने खूण करून तारीख व विसर्ग लिहावा. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा व लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची असते. या रेषांच्या आतील घरांची यादी करावी. यादीत घराच्या किमतीपेक्षा माणसे आधी नोंदवावीत: अंथरुणास खिळलेला वृद्ध, गरोदर स्त्री, एकटी विधवा. सातबारावर नाव नसलेला भूमिहीन मजूर बहुधा नुकसानीच्या नोंदीतून सुटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यादीची सुरुवात त्याच्याच झोपडीपासून व्हावी.

हवेली व दौंड तालुक्यांत मुळामुठेच्या काठी शेती असलेल्या बंधूंनी पावसाळ्यात विद्युत पंप सहज उचलता येईल असा बसवावा. विसर्गाची सूचना मिळताच प्रथम वीज बंद करावी. जनावरे रात्री उंचावर बांधावीत. पाणी अकस्मात चढल्यास दावी कापून ती मोकळी करावीत. वैरणीची गंजी काठापासून दूर रचावी. पुराचे पाणी विहिरीत गेले असल्यास उपसा करून विरंजक चूर्ण टाकल्याखेरीज ते पिण्यास घेऊ नये. शेतात वाळू साचली असेल तर ती काढण्याची घाई करू नये. आधी पंचनामा करून घ्यावा व त्यात थराची जाडी मोजून लिहविली आहे ना, हे सहीपूर्वी पाहावे.