शैक्षणिक कर्जाचे हप्ते पुढे ढकलताना : बँक ऐकत नसेल तर काय करावे?

शिक्षण पूर्ण झाले, पदवी हाती आली; परंतु नोकरी अद्याप मिळालेली नाही आणि कर्जाचा पहिला हप्ता भरण्याची तारीख मात्र जवळ आली, असा कठीण प्रसंग आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांवर येतो. शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांवर सामान्यतः आई किंवा वडिलांची सहकर्जदार म्हणून सही असते. त्यामुळे हप्ता थकला की मुलाबरोबर पालकांचीही पत धोक्यात येते. अशा वेळी काही जण संकोचापोटी बँकेत जाणेच टाळतात; काही जण तोंडी विनंती करतात आणि नकार ऐकून परततात. दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. मुदतवाढीची विनंती लेखी असावी आणि ती हप्ता थकण्यापूर्वी करावी, हे सर्वप्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

नियम काय सांगतो?

इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना तयार केली व पुढे तिच्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या. सुधारित योजनेनुसार अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष परतफेड स्थगित राहते. यालाच बँकेच्या भाषेत मोरेटोरियम म्हणतात. त्यानंतर परतफेडीसाठी १५ वर्षांपर्यंतचा कालावधी मिळू शकतो. नोकरी नसल्यास किंवा अपुऱ्या वेतनाची नोकरी असल्यास कर्जाच्या संपूर्ण कालावधीत दोन-तीन वेळा, प्रत्येकी सहा महिन्यांपर्यंत स्थगिती देण्याची तरतूदही या योजनेत आहे.

तथापि, ही आदर्श योजना म्हणजे कायदा नव्हे. तिच्यातील कोणत्या सवलती द्यायच्या हे प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. खासगी वित्तसंस्था व पतसंस्थांच्या अटी तर अगदी निराळ्या असू शकतात. म्हणून शाखेत जाण्यापूर्वी आपले मंजुरीपत्र शांतपणे वाचावे. त्यात लिहिलेली सवलत बँकेला नाकारता येत नाही. न लिहिलेली सवलत मात्र विनंतीचा विषय ठरते.

स्थगिती म्हणजे माफी नव्हे

समजा, देवळाली कॅम्पमधील एका मुलीने चार वर्षांच्या नर्सिंग अभ्यासक्रमासाठी दरवर्षाच्या आरंभी एक लाख, असे चार लाख रुपये १० टक्के दराने घेतले. शासनाचे व्याज-अनुदान मिळाले नाही असे धरू. शिक्षणाची चार वर्षे व नंतरचे एक वर्ष मिळून सरळव्याज १ लाख ४० हजार रुपये होते. म्हणजे हप्ते सुरू होताना देणे ५ लाख ४० हजारांचे असते. आणखी सहा महिने काहीच न भरल्यास त्यात सुमारे २७ हजारांची भर पडते.

कोरोनाच्या काळात, मार्च ते ऑगस्ट २०२० मध्ये, रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली, तेव्हाही हाच अनुभव आला. २३ मार्च २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने व्याजावरील व्याज आकारण्यास मनाई केली. मूळ व्याज मात्र माफ केले नाही.

म्हणून पूर्ण स्थगिती मागण्यापूर्वी इतर पर्यायही विचारावेत. वरील उदाहरणात दहा वर्षांच्या मुदतीला दरमहा सुमारे ७,१४० रुपये हप्ता पडतो. पंधरा वर्षांची मुदत मिळाली तर तो सुमारे ५,८०० रुपयांवर येतो. काही महिने केवळ व्याज भरायचे ठरल्यास ४,५०० रुपये लागतात. मुदत वाढली की एकूण व्याज वाढते, हे मात्र विसरू नये.

अर्ज कसा करावा?

अर्जात कर्ज खात्याचा क्रमांक, अडचणीचे कारण, किती महिन्यांची सवलत हवी व त्यानंतर किती रक्कम भरता येईल, हे स्पष्ट लिहावे. गुणपत्रिका, नोकरीसाठी केलेले अर्ज किंवा वेतनाची पावती सोबत जोडावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. सवलत मंजूर झाल्यास व्याज कसे आकारले जाईल व पतनोंदीत तिचा उल्लेख कसा होईल, हेही लेखी विचारावे. निर्णय येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम भरत राहावे. कारण थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली की खाते अनुत्पादक ठरते.

शाखाधिकारी दाद देत नसल्यास

प्रथम बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नोव्हेंबर २०२१ पासून त्यासाठी संपूर्ण देशात एकात्मिक व्यवस्था आहे. मात्र सवलत द्यावी की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो व त्यात लोकपाल सहसा हस्तक्षेप करीत नाहीत. अर्जाला उत्तर न देणे, मंजुरीपत्रातील अट मोडणे, चुकीची आकारणी करणे, अशा तक्रारींचा तेथे उपयोग होतो. पतसंस्थांविषयीची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते.

हप्ता चुकल्याबद्दलच्या दंडाविषयीही नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशानुसार दंड हा व्याजदरात वाढ करून घेता येत नाही. तो वेगळा आकारावा लागतो व त्या दंडावर व्याज लावता येत नाही.

वसुली प्रतिनिधींनाही मर्यादा आहेत. ऑगस्ट २०२२ च्या आदेशानुसार सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर वसुलीसाठी दूरध्वनी करता येत नाही. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक वा मित्रांना त्रास देणे निषिद्ध आहे. असे घडल्यास दिनांक, वेळ व दूरध्वनी क्रमांक टिपून ठेवावा आणि बँकेकडे त्वरित लेखी तक्रार करावी.

घेतलेले कर्ज फेडणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु प्रामाणिकपणे मुदत मागणे म्हणजे कर्ज बुडवणे नव्हे. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही. आईवडिलांनी मुलांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांच्यासोबत बँकेत जावे. ज्यांना अर्ज लिहिणे अवघड वाटते, त्यांना धर्मग्रामातील शिक्षकांनी व निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी आपला थोडा वेळ द्यावा. वेळीच लिहिलेला एक कागद एखाद्या घराची अनेक महिन्यांची झोप वाचवू शकतो.