शिवलेला कुर्ता धुतल्यावर पिळवटतो? आधी कापडाचा धागा बघा

घरी शिवलेला कुर्ता किंवा उशीचा अभ्रा पहिल्या धुण्यानंतर एका बाजूला फिरतो. अनेकदा दोष शिलाईत नसून कापण्यात असतो.

कापडाच्या काठाला समांतर उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. दोन्ही काटकोनात हवेत. पण दुकानात कात्री तिरकी चालते, म्हणून तिथे कापलेली कड सरळ समजून मापं टाकू नका.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून इस्त्री करा, म्हणजे आटायचं ते आधीच आटेल. मग काठाजवळ छोटी चीर देऊन एक आडवा धागा हलक्या हाताने ओढा. कापडावर बारीक रेघ उमटते, त्या रेघेवर कापा. धागा तुटला, तर तिथपर्यंत कापून पुढचं टोक पकडा.

आता काठाला काठ जुळवून घडी घाला. कापलेल्या कडा जुळत नसतील, तर जे समोरासमोरचे कोपरे जवळ आले आहेत, ते धरून तिरपं ओढा.

कापड घेताना एकक विचारा: वार ३६ इंचांचा, मीटर ३९ इंचांहून थोडा जास्त. तीन मीटरऐवजी तीन वार आणले, तर जवळपास १० इंच कमी पडतात, म्हणजे एक बाही गेलीच!