छत्र धरणारा हबशी

येरमाळ्यास येडेश्वरीच्या दर्शनाला जाणाऱ्यांपैकी थोडेच जण पुढे बार्शीवरून परंड्याला जात असतील. वाचकहो, एकदा अवश्य जा. खंदकाने वेढलेल्या त्या भुईकोटात एका आफ्रिकी माणसाने दक्षिणेच्या गादीवर राजा बसविला होता.

इ. स. १६०० मध्ये अहमदनगर पडले. चांदबिबी मारली गेली आणि तेथला बाल सुलतान मोगलांनी ग्वाल्हेरीस कैदेत टाकला. निजामशाही संपली असे अकबराच्या दरबाराने धरले. पण मलिक अंबर नावाच्या हबशी सरदाराने त्या घराण्याचा एक वंशज शोधून काढला, आपली मुलगी त्याला दिली आणि दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून परंड्यास त्याच्यावर छत्र धरले.

हा अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला. मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला. बगदादेस एका मालकाने त्याला शिकविले, अंबर हे नाव दिले. तेथून तो आला निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी, आणि गंमत अशी की, हा पेशवाही एके काळचा हबशी गुलामच!

हबशी म्हटला की आपल्याकडे गुलाम किंवा पहारेकरी डोळ्यांपुढे येतो. पण अंबराच्या मायभूमीच्या शेजारी, नाईलच्या वरच्या अंगाला, नुबियात कुशचे राजे नांदत होते. इजिप्तने त्यांना शतकानुशतके दाबून ठेवले. मग ख्रिस्तपूर्व ७२८ च्या सुमारास कुशचा राजा पिये नाईलच्या काठाने खाली उतरला आणि त्याने इजिप्तलाच नमविले. त्याच्या घराण्याने फॅरो म्हणून राज्य केले. असिरियाच्या फौजा आल्या तेव्हा कोठे ते मागे हटले. पुढे चौथ्या शतकात इथिओपियाच्या डोंगरातून अक्सुमचा राजा एझाना त्याच नुबियावर चालून गेला.

पिये आपल्या नावाने लढला. अंबराला ती सोय नव्हती. फौज त्याची, महसूल त्याच्या हाती, पण मराठे आणि दक्षिणी सरदार एकत्र राहायचे ते निजामशहाच्या नावाखाली. विकत घेतलेला माणूस गादीवर बसता, तर किती जणांनी मुजरा केला असता?

हे शल्य घरातही शिरले होते. १६१७ साली अंबराला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुके लिहून गेला आहे की, मुर्तझाच्या इराणी बेगमेने सवतीला, म्हणजे अंबराच्या मुलीला, गुलामाची पोर म्हणून हिणविले. अंबराने बेगमेला आणि जावयालाही विष घालविले. मग १६१० मध्ये गादीवर आला मुर्तझाचा लहानगा मुलगा. स्वतः अंबर नव्हे! या कृत्याचे समर्थन कोणी करू नये, परंतु त्याच्या मनात काय सलत होते ते येथे उघडे पडते.

मोगलांना मात्र त्याने पंचवीस वर्षे चैन पडू दिली नाही. मराठी स्वारांच्या तुकड्या रसद मारीत, छापे घालीत आणि डोंगरात नाहीशा होत. जहांगीर इतका चिडला की, अंबराच्या तुटलेल्या मस्तकावर आपण बाण सोडीत आहोत असे चित्र त्याने काढवून घेतले. मस्तक अर्थातच धडावर शाबूत होते! १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एक होऊन आले, तेव्हा नगरजवळ भातवडीस तलाव फोडून अंबराने त्यांची छावणी चिखलात रुतविली आणि दोघांचाही मोड केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते, त्यांचे बंधू शरीफजी तेथे पडले.

१६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादेस त्याची कबर आहे. सात वर्षांनी निजामशाही पुन्हा बुडाली, तेव्हा शहाजीराजांनी पेमगिरीवर घराण्यातले एक मूल गादीवर बसविले. नाव ठेवले मुर्तझा. १६३६ मध्ये माहुलीला ते मूल मोगलांच्या हवाली करावे लागले. शिवाजीराजे तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते.